कामाची वाट, देवांची प्रदक्षिणा

भाद्रपद उजाडला की पुण्याच्या जुन्या पेठांचे रूप पालटू लागते. चौकाचौकांत मांडवाचे वासे उभे राहतात, पदपथांवर शाडूच्या मूर्तींची दुकाने लागतात, संध्याकाळी नदीच्या बाजूने ढोल-ताशांच्या सरावाचा आवाज कानी येतो आणि फुलवाल्यांच्या टोपल्यांत दूर्वांच्या जुड्या वाढू लागतात. या साऱ्या लगबगीतून, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी घेऊन, रोजच्याच संथ पावलांनी आपल्या कामावर चालत जाणारा एक माणूस असतो. उत्सव पाहावयास म्हणून तो निघालेला नसतो. त्याला दहाच्या ठोक्याला कचेरीत, दुकानात किंवा शाळेत पोहोचावयाचे असते. परंतु श्रीगजाननाच्या आगमनाची चाहूल सर्वांच्या आधी लागते ती त्यालाच. कारण मांडवाचा पहिला वासा कोणत्या दिवशी उभा राहिला हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

कामावर पायी जाण्याचे सुख ही सांगण्यासारखी गोष्ट आहे काय, असा प्रश्न कोणास पडेल. प्रपंचात गुरफटलेल्या गृहस्थाला मात्र तिचे मोल निश्चित कळते. देवळात जावे असे मनात असते, पण सकाळ स्नान, पूजा आणि डबा यांत सरते. संध्याकाळी अंग थकलेले असते. देवदर्शन मग सणावारांपुरते उरते. ज्याची कामाची वाट जुन्या पेठांतून जाते आणि जो ती पायी चालतो, त्याला देवासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. त्याच्या वाटेतच देव उभे असतात.

देवांची नावे, गावाच्या खुणा

पुण्याच्या देवांची नावे ऐकून परगावच्या पाहुण्यास हसू येते. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, उपाशी विठोबा, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर, बटाट्या मारुती! ही नावे थट्टेने पडलेली नाहीत. ती रस्त्याने चालणाऱ्या माणसांनी ठेवलेली आहेत. ज्या विठोबासमोर पासोड्यांची विक्री होत असे तो पासोड्या विठोबा. ज्या मारुतीला शेजारचा हलवाई जिलब्यांची माळ घालीत असे म्हणतात तो जिलब्या मारुती. सोनारांच्या पेढ्यांजवळचा तो सोन्या मारुती. भिकारदास नावाच्या सावकाराच्या जागेतला तो भिकारदास मारुती. भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरत असे, त्या काळाची आठवण बटाट्या मारुतीच्या नावात राहून गेली आहे. पुढे १८८६ साली आजच्या मंडईची इमारत उभी राहिली आणि बाजार तिकडे गेला. मारुतीराय मात्र जुने नाव घेऊन जागच्या जागीच राहिले.

काही नावांमागे कठोर स्मृतीही आहेत. सदाशिव पेठेतील मुरलीधराच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी, पेशवाईच्या उत्तरकाळात, तेथे रक्तपात झाला आणि त्या कोवळ्या, सुंदर मूर्तीच्या नावामागे 'खुन्या' हे विशेषण कायमचे जडले. पानिपताच्या संकटाच्या वेळी मूर्ती डुलली अशी डुल्या मारुतीची दंतकथा आहे. पानिपतावर पुण्यातील किती घरे उजाड झाली हे ज्यास ठाऊक आहे, तो या दंतकथेवर वाद घालीत बसणार नाही. ज्या गावाने आपले दुःख देवाच्या अंगी कंप पावताना पाहिले, त्या गावाचे देवाशी असलेले नाते त्यातून कळते.

पेठांची नावेही अशीच बोलकी आहेत. कसबा सर्वांत जुना. वारांच्या नावांच्या पेठा त्याभोवती वसत गेल्या. शुक्रवार पेठ पूर्वी विसापूर होती, गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव सदाशिव पेठेला आणि शनिवारवाड्यात वधलेल्या नारायणराव पेशव्यांचे नाव नारायण पेठेला आहे. वाहनाने जाणाऱ्यास ही नावे केवळ पत्त्यापुरती लागतात. चालणाऱ्यास ती पावलोपावली भेटतात, आणि एखाद्या दिवशी मुलाने बोट धरून 'बाबा, उपाशी विठोबा उपाशी का?' असे विचारले की उपवासाचे व्रत घेतलेल्या एका भक्ताची गोष्ट सांगता सांगता शाळा केव्हा आली ते कळत नाही.

एक सकाळ, एक वाट

भिकारदास मारुतीपासून कसब्यापर्यंतची वाट फार लांबची नाही. मध्यम पावलांनी चालणारा माणूस अर्ध्या-पाऊण तासात ती सहज पार करतो. सकाळी निघावे तेव्हा वाड्यांच्या दारांत सडा पडलेला असतो, कोठे रांगोळीची शेवटची रेघ ओढली जात असते. अमृततुल्य चहाच्या दुकानात पितळी पातेल्यात वेलदोडा आणि आले घातलेला चहा उकळत असतो. पिठाच्या गिरणीतून नुकत्याच दळलेल्या पिठाचा ऊन वास येतो. दुकानदार फळ्या उघडतात, उंबऱ्यावर पाणी शिंपडतात, तसबिरीला हार घालून उदबत्ती ओवाळतात आणि भवानीच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात. व्यापारी पेठेतील ही रोजची प्रातःपूजा पाहावयास मिळते ती पायी जाणाऱ्यासच.

शनिपाराशी पाऊल आपोआप थबकते. शनिवारी तेथे तेलाच्या दिव्यांची आणि रुईच्या माळांची दाटी असते. इतर दिवशी एखादा वृद्ध हात जोडून उभा असतो आणि त्याच्यामागे शाळकरी मुलगा परीक्षेचे साकडे घालीत असतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचे कोरीव लाकडी तोंड दिसते. तेथून तुळशीबागेत शिरावे. बाहेर बांगड्या, भातुकली आणि पूजेची उपकरणी यांची गजबज. आत रामरायाचे प्रशस्त, शांत अंगण. नारो आप्पाजी तुळशीबागवाले यांनी अठराव्या शतकात उभारलेल्या या मंदिराचे उंच शिखर बाहेरच्या गर्दीतून पाहावे, तर ते गर्दीपासून दूर गेल्यासारखे वाटत नाही. गर्दीवर मायेचा हात ठेवून उभे असल्यासारखे वाटते. सकाळी येथे सभामंडपात क्षणभर टेकणारे अनेक नोकरदार दिसतात. घड्याळाकडे पाहून ते उठतात, पण उठण्यापूर्वी डोळे मिटून घेतलेला तो एक क्षण दिवसभर पुरतो.

लक्ष्मी रस्त्यावर आले की नाना फडणीसांचे बेलबाग मंदिर. राज्यकारभाराच्या इतक्या चिंता वाहणाऱ्या त्या मुत्सद्द्यानेही विष्णूसाठी जागा राखून ठेवली होती, हा विचार कचेरीच्या चिंता वाहणाऱ्या कारकुनास धीर देऊन जातो. मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबा, त्यापुढे तांबडी जोगेश्वरी. शेंदराने तांबडी झालेली ही पुण्याची ग्रामदेवता. शुक्रवारी तिच्या दारी ओट्या घेऊन आलेल्या सुवासिनींची रांग असते. जवळच्या आप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांपुढे विद्यार्थ्यांची रांग असते. देवी आणि विद्या यांच्या दोन रांगा एकमेकींना लागून उभ्या आहेत, हे या चौकाचे भाग्य म्हणावे लागेल.

पुढे शनिवारवाडा. १७३० साली पाया घातलेला आणि १८२८ च्या आगीत भस्मसात झालेला हा वाडा आज तटाच्या आणि दिल्ली दरवाज्याच्या रूपाने उरला आहे. केवढे वैभव आणि केवढा विनाश! त्याच्या सावलीतून रोज जाणाऱ्यास बढती न मिळाल्याचे दुःख फार दिवस बाळगता येत नाही. आणि त्यापलीकडे कसबा. तांबट आळीत तांब्या-पितळेवर पडणाऱ्या हातोड्यांचा ठेका ऐकू येतो आणि त्या ठेक्यावरच जणू आपण ग्रामदैवताच्या दाराशी येतो. जिजाऊसाहेबांनी बालशिवबांसह पुन्हा वसविलेल्या या गावात ज्या गणपतीचे मंदिर त्यांनी बांधविले, तोच हा कसबा गणपती. उजाड गाव पुन्हा नांदते करताना आधी देवाची स्थापना झाली. गाव आणि देव एकत्रच वाढले.

चालणाऱ्यास आणखी एक मुभा असते. सोमवारी त्याने थोडी वाकडी वाट करून ओंकारेश्वर गाठावा, गुरुवारी दत्ताच्या देवळावरून जावे, चतुर्थीला गणपतीचा, एकादशीला विठोबाचा, शनिवारी मारुतीचा रस्ता धरावा. कामाचे ठिकाण तेच, निघण्याची वेळ तीच; पण वाराप्रमाणे वाट बदलते आणि आठवड्याच्या शेवटी गावातील देवांची एक प्रदक्षिणा नकळत पुरी झालेली असते. कित्येक जुन्या पुणेकरांनी हे व्रत कोणताही संकल्प न सोडता पाळले आहे.

ओळखीचे ऋण

या वाटेवर देव भेटतात तशी माणसेही भेटतात. फुलवाल्या मावशी, देवळाचे गुरव, कोपऱ्यावरचे वृत्तपत्रविक्रेते, पायरीवर जप करीत बसलेल्या आजी. त्यांची नावे आपणास कित्येकदा ठाऊक नसतात आणि त्यांना आपले नाव ठाऊक नसते. तरीही दोन दिवस आपण दिसलो नाही की तिसऱ्या दिवशी विचारणा होते, "काका, बरे नव्हते का?" मोठ्या शहरात आपल्या नसण्याची दखल घेणारे कोणी असावे, ही लहान गोष्ट नाही.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ तीस वर्षांहून अधिक काळ सदाशिव पेठेतून कसब्याजवळच्या आपल्या नोकरीच्या ठिकाणी चालत जात. त्यांचे वडीलही त्याच वाटेने जात असत. पत्नीचे निधन झाल्यानंतर पंधरा दिवसांनी ते प्रथमच कामावर निघाले, तेव्हा नेहमीच्या फुलवाल्या मावशींनी काही न विचारता त्यांच्या हाती रोजची दूर्वांची जुडी ठेवली आणि त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. ते गृहस्थ सांगतात, "सांत्वनाला घरी पुष्कळ आले. पण जगणे पुन्हा सुरू करावयाचे आहे, हे मला त्या जुडीने सांगितले." ही जुडी त्यांनी कसबा गणपतीला वाहिली आणि मग ते आपल्या कामाच्या टेबलाशी जाऊन बसले.

चालण्याचे शास्त्र

आपल्या धर्मात चालण्यास मोठे स्थान आहे. षोडशोपचार पूजेत प्रदक्षिणा हा उपचार आहे. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्रपुत्र रोहिताची कथा येते. तो अरण्यातून घरी परतू लागला की इंद्र ब्राह्मणाच्या रूपाने त्याला अडवितो आणि पुनःपुन्हा 'चालत राहा' असाच उपदेश करितो. बसून राहणाऱ्याचे भाग्यही बसून राहते, चालणाऱ्याचे भाग्य चालू लागते, हे त्या उपदेशाचे सार आहे. महाराष्ट्राने तर चालण्यालाच भक्तीचे रूप दिले. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या दरवर्षी पुण्यात मुक्काम करतात. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरी आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरी विसावते. त्या दिवसांत आपल्या रोजच्या रस्त्यांवरून वारकऱ्यांची पाऊले जातात. ज्याला पंढरपूरपर्यंत जाता येत नाही, त्याने निदान त्या रस्त्याने आपल्या कामावर तरी पायी जावे.

आणि गणेशभक्तांस ती बालपणीची कथा आठवत असेलच. पृथ्वीप्रदक्षिणा आधी कोण करील, अशी पैज लागली. कार्तिकेय मोरावर बसून वेगाने निघून गेले. गजाननाने मातापित्यांस वंदन केले, त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घातली आणि त्याचे पुण्य पृथ्वीप्रदक्षिणेइतके ठरले. या कथेतील मातृपितृभक्ती सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यात आणखी एक अर्थ सुचतो. वेगवान वाहन ज्याच्याजवळ होते तो दूर गेला. ज्याच्याजवळ केवळ पाऊले होती त्याने जवळच्याचे मोल ओळखले. ज्या गावाने आपणास अन्न, विद्या आणि आश्रय दिला त्या गावाभोवती रोज पायी फिरणे हीही मातृप्रदक्षिणाच नव्हे काय?

वाट हरवत चालली आहे

हे सारे लिहिताना मनास एक रुखरुख लागून राहते. ही वाट चालणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कित्येक घरे नेली आणि अनेक कुटुंबे गावाबाहेरच्या नव्या वस्त्यांत गेली. तो दैवाचा घाला होता. त्यानंतर मात्र वाडे पूर आल्यावाचूनच पडत गेले. त्यांच्या जागी उंच इमारती आल्या, तळमजल्यांवर दुकाने आली, आणि ज्यांचे आजे-पणजे पेठेत राहिले ती मुले शहराच्या दूरच्या टोकांना राहावयास गेली. घरे मोठी झाली, उजेड आणि पाणी मुबलक झाले. कोणी त्यांना दोष देऊ नये. पण घर आणि काम यांच्यामधली वाट पायी चालण्याइतकी राहिली नाही.

जे पेठेत राहिले त्यांनाही चालणे सुखाचे उरलेले नाही. पदपथावर दुचाक्या उभ्या असतात, उरलेल्या जागेत विक्रीचा माल असतो, आणि वृद्ध माणसास रस्ता ओलांडण्यासाठी कोणाचा तरी हात धरून बराच वेळ उभे राहावे लागते. देवळासमोरून जाताना स्कूटरवरचा भाविक क्षणभर एक हात छातीशी नेतो. त्याचीही भक्ती खरीच आहे. परंतु त्या क्षणात देवाच्या डोळ्यांकडे पाहण्याइतकीही सवड त्याला मिळत नाही. चपलेतून पाय काढून, मातीला पाऊल टेकवून घेतलेले दर्शन आणि हे दर्शन यांत अंतर पडते.

याचा परिणाम केवळ पायांवर होत नाही. रोजच्या वाटेतून देव गेला की तो सणापुरता उरतो. मग दहा दिवस आपण त्याच्यासाठी तासन्‌तास रांगेत उभे राहतो, रोषणाई पाहतो, गर्दीत धक्के खातो आणि अकराव्या दिवशी त्याच्या मंदिरावरून न पाहता निघून जातो. उत्सवाचा थाट वाढला आणि नित्याचा नमस्कार आटला, तर गजाननास ते आवडेल असे वाटत नाही. मुलांच्या बाबतीत तर ही हानी अधिक आहे. मोटारीच्या काचेतून पेठ पाहिलेल्या मुलाला 'उपाशी विठोबा उपाशी का?' हा प्रश्न पडणार कोठून?

पुन्हा पाऊल टाकावे

तथापि निराश होण्याचे कारण नाही. पुणे महानगरपालिकेने २०२१ सालापासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून साजरा करण्यास आरंभ केला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून तो चालणाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आला. हमरस्त्याच्या मधोमध आजी-आजोबा नातवंडांचे हात धरून निर्धास्त चालत आहेत, हे दृश्य पाहून अनेकांना आपले बालपण आठवले. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके जुन्या पुण्याच्या पोटात उघडली. दूर राहणाऱ्यासही आता मंडईत उतरून उरलेली वाट पायी चालता येते. आमचे उपरोल्लेखित गृहस्थ वाडा पाडला गेल्यावर उपनगरात राहावयास गेले. प्रथम ते बसने स्वारगेटला उतरून चालत. आता निवृत्त झाले असले तरी आठवड्यातून एकदा मेट्रोने मंडईपर्यंत येतात आणि तेथून कसब्यापर्यंत आपली जुनी वाट चालून जातात. कामाचे टेबल राहिले नाही, तरी वाट राहिली आहे, असे ते म्हणतात.

यंदाच्या उत्सवात आपणही हा लहानसा नेम करून पाहावा. शहर पुण्याचेच असले पाहिजे असे नाही. प्रत्येक जुन्या वस्तीत एखादा मारुती, एखादी देवी, एखादा पार असतोच. कामाच्या ठिकाणापासून एक किलोमीटर अलीकडे उतरावे आणि उरलेले अंतर चालावे. घरून पंधरा मिनिटे आधी निघावे. वाटेतल्या एका देवाशी थांबावे, एका माणसाची विचारपूस करावी. सुट्टीच्या दिवशी मुलांना बोटाशी धरून त्याच वाटेने न्यावे आणि ठाऊक असलेली एखादी गोष्ट सांगावी. पुण्यातील वाचकांनी तर मानाच्या पाच गणपतींचे दर्शन त्यांच्या क्रमानेच घ्यावे: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा. पाचही ठिकाणे पायी गाठता येण्याजोगी आहेत, आणि सकाळच्या प्रहरी कामावर जाण्याआधी निघाल्यास गर्दीही बेताची असते.

अनंत चतुर्दशीस मंडईजवळच्या लोकमान्यांच्या पुतळ्यापासून मिरवणूक निघते. ज्या लक्ष्मी रस्त्याने आपण वर्षभर डबा घेऊन कामावर जातो, त्याच रस्त्याने त्या दिवशी मानाचे गणपती पालखीतून, रथातून संथ गतीने जातात. भक्तांच्या पावलांशी पाऊल जुळवून, चौकाचौकांत थांबत, प्रत्येकास दर्शन देत ते पुढे सरकतात. एवढ्या गर्दीतही मंगलमूर्तीस घाई नसते. वर्षातून एक दिवस देव आपली वाट चालतो. उरलेले दिवस ती आपण चालावी, आणि त्याच्याच संथ, प्रसन्न गतीने चालावी, एवढी बुद्धी बुद्धिदात्याने आपणा सर्वांस द्यावी.